दादा, खुर्ची आणि आपण

मैत्रिणींनो, सरकारं पडतात, आमदार फुटतात, हे आपण २०२२ मध्ये पाहिलं. पण हे नवं नाही. वसंतदादा पाटलांचं आयुष्य बघा.

दादांचा जन्म १९१७ चा. वर्षभरात प्लेगने आई-वडील दोघंही गेले. सांगलीजवळच्या पद्माळे गावी आजीने त्यांना वाढवलं. शाळा जेमतेम झाली, पण माणसं वाचायला ते आजीकडेच शिकले असावेत. १९४२ च्या चळवळीत आपल्या नंदुरबारला शिरीषकुमार शहीद झाला, त्याच चळवळीत दादाही होते. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळताना त्यांना गोळी लागली.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारला. १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या निवडणुकीनंतर दोन्ही काँग्रेसचं सरकार बनलं, तिरपुडे उपमुख्यमंत्री. घरातल्या दोन जावांसारखा रोजचा खटका! जुलैमध्ये शरद पवार समर्थकांसह बाहेर पडले आणि दादांचं सरकार गडगडलं.

पुढे तर खुर्चीचा नुसता संगीतखुर्चीचा खेळ झाला. सिमेंटवाटप आणि ट्रस्टच्या देणग्यांच्या प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले. बाबासाहेब भोसले जेमतेम वर्षभर टिकले. १९८३ मध्ये पुन्हा दादा. १९८५ मध्ये प्रभा राव प्रदेशाध्यक्ष झाल्या, ते न पटून दादांनी राजीनामा दिला. मागून आलेले निलंगेकर मुलीच्या परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात १९८६ मध्ये पायउतार झाले. पक्ष एकच, बहुमतही त्याचंच, पण कोण राहणार ते दिल्ली ठरवायची.

दादांचा १९८३ चा एक निर्णय मात्र घरोघरी पोचला. विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. मुलांना शिक्षणासाठी कर्नाटकात जावं लागे, ते थांबलं. पण त्यातूनच देणग्यांचा बाजार आणि शिक्षणसम्राटही आले. आमच्या धडगावच्या पाड्यावरच्या हुशार पोरीला त्या कॉलेजची फी कुठून परवडणार?

दादा पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १ मार्च १९८९ रोजी गेले. साध्या माणसांना त्यांचं दार उघडं असे, म्हणून लोक अजून हळहळतात. पण नुसता चांगला माणूस खुर्चीवर बसून भागत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यातून दिसतं. बचत गटात आपण अध्यक्षबाई कितीही भल्या असल्या तरी दर महिन्याला वही तपासतोच ना? मग मत दिल्यावर पाच वर्षं राज्याची वही का नाही मागायची?