फ्रेड हार्वे

फ्रेडरिक हेन्री हार्वे, प्रचलित नाव फ्रेड हार्वे (जन्म : लंडन, इंग्लंड, २७ जून १८३५, - लेव्हनवर्थ, कॅन्सस, अमेरिका, ९ फेब्रुवारी १९०१) हे अमेरिकेतील उपाहारगृह-व्यावसायिक होते. अ‍ॅचिसन, टोपेका अँड सांता फे रेल्वेच्या मार्गावर त्यांनी उभारलेली भोजनगृहे, कॉफीची काउंटरे आणि हॉटेले ही अमेरिकेतील उपाहारगृहांची पहिली मोठी साखळी मानली जाते. परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेल्या ठिकाणी ग्राहकाला एकाच प्रतीची कॉफी, एकाच प्रतीचे जेवण आणि एकाच रीतीची वागणूक मिळाली पाहिजे, हा त्यांच्या व्यवसायाचा पाया होता. पुढे विसाव्या शतकात फ्रॅंचायझी पद्धतीच्या उपाहारगृहांनी आणि कॉफीगृहांनी जे साधले, त्याची बरीचशी पूर्वतयारी हार्वे यांच्या व्यवस्थेत दिसते. मात्र त्यांनी आपले नाव कोणालाही भाड्याने दिले नाही. सर्व शाखा त्यांच्याच व्यवस्थापनाखाली होत्या, त्यामुळे त्यांना फ्रॅंचायझीचे जनक म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही.

पूर्वायुष्य

हार्वे १८५३ च्या सुमारास, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडहून न्यू यॉर्कला आले. वॉशिंग्टन मार्केट या बाजारपेठेतील स्मिथ अँड मॅकनेल या गजबजलेल्या खानावळीत त्यांना भांडी घासण्याचे काम मिळाले. तेथेच त्यांनी वाढप, खरेदी आणि स्वयंपाकघराची व्यवस्था जवळून पाहिली. काही काळाने ते न्यू ऑर्लिन्सला गेले. तेथे पीतज्वराच्या आजारातून ते वाचले आणि पुढे सेंट लुईस येथे स्थायिक झाले. १८५८ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

सेंट लुईसमध्ये त्यांनी एका भागीदारासह उपाहारगृह काढले. अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेचा पक्षपाती असलेला हा भागीदार दोघांची पुंजी घेऊन निघून गेला आणि धंदा बुडाला. त्यानंतर हार्वे रेल्वेच्या नोकरीत शिरले. हॅनिबल अँड सेंट जोसेफ रेल्वेवर धावत्या गाडीत टपालाची वर्गवारी करण्याचा प्रयोग १८६२ मध्ये सुरू झाला, त्या कामातही ते होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८६३ मध्ये त्यांनी बार्बरा सारा (सॅली) मॅटास यांच्याशी विवाह केला. पहिल्या विवाहातील दोन्ही मुलगे बालपणीच दगावले. कॅन्सस राज्यातील लेव्हनवर्थ हे १८६५ पासून त्यांचे कायमचे निवासस्थान झाले.

रेल्वे कंपनीसाठी मालवाहतुकीची कंत्राटे मिळवणे हे त्यांचे काम होते आणि त्यासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे. मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील गाड्यांना त्या काळी भोजनाचे डबे नसत. इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबे तेवढ्या वेळात प्रवाशांनी फलाटाजवळच्या खानावळीत जे मिळेल ते पोटात ढकलायचे, असा प्रघात होता. शिळे मांस, वातड बिस्किटे आणि पुन्हा पुन्हा उकळलेली कडू कॉफी यांबद्दलच्या तक्रारी त्या काळातील प्रवासवर्णनांत सर्रास आढळतात. पैसे आधीच घेतलेले असत आणि घास घेण्यापूर्वीच गाडीची शिटी होई. तोच गिऱ्हाईक पुन्हा येण्याचा संभव नसल्याने खानावळवाल्याला सुधारणेची गरजही भासत नसे. हार्वे यांची प्रकृती मुळात नाजूक होती आणि पचन बिघडलेले असे. या अन्नाचा अनुभव त्यांनी नोकरीनिमित्त अनेक वर्षे घेतला.

सांता फे रेल्वेशी करार

१८७५ च्या सुमारास हार्वे यांनी जेफ राइस यांच्याबरोबर कॅन्सस पॅसिफिक रेल्वेवर काही खानावळी चालवल्या, पण दर्जाविषयी मतभेद झाल्याने ही भागीदारी लवकरच संपली. आपण ज्या बर्लिंग्टन रेल्वेच्या नोकरीत होतो तिच्याकडे त्यांनी भोजनगृहांची योजना मांडली, ती नाकारली गेली. सांता फे रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मोर्स यांनी मात्र ती स्वीकारली आणि जानेवारी १८७६ मध्ये टोपेका स्थानकाच्या वरच्या मजल्यावर हार्वे यांचे छोटेसे उपाहारगृह सुरू झाले. १८७८ मध्ये कॅन्ससमधील फ्लॉरेन्स येथे त्यांनी हॉटेल घेतले आणि शिकागोच्या पामर हाउसमधील आचारी विल्यम फिलिप्स यांना या लहानशा गावात आणले.

सुरुवातीचा व्यवहार तोंडी होता. रेल्वेने जागा द्यायची, माल आणि नोकरमाणसे यांची ने-आण विनामूल्य करायची आणि नफा हार्वे यांनी ठेवायचा, असे त्याचे स्वरूप होते. सांता फे कंपनीचा यात तोटा नव्हता. पश्चिमेला जाणाऱ्या प्रवाशाने इतर मार्ग सोडून हा मार्ग निवडावा, यासाठी चांगले जेवण हे मोठे आकर्षण होते. १८८९ च्या लेखी करारान्वये मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील सांता फे मार्गांवरील भोजनगृहे चालवण्याचा अनन्य अधिकार हार्वे यांना मिळाला.

या मोफत वाहतुकीचे महत्त्व अनेकदा लक्षात घेतले जात नाही. कॅन्ससच्या माळरानावर किंवा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ताजे मांस, फळे आणि भाजी वाढता आली ती बर्फ भरलेल्या रेल्वे डब्यांमुळे. एरवी हा खर्च कोणत्याही खानावळवाल्याला झेपला नसता.

कार्यपद्धती

गाडी येण्यापूर्वी गार्ड प्रवाशांत फिरून किती जण भोजनगृहात बसणार आणि किती जण काउंटरवर खाणार हे विचारी. ही संख्या तारेने पुढच्या स्थानकाला कळवली जाई. गाडी जवळ आल्याची शिटी ऐकू आली की पहिला पदार्थ टेबलावर मांडला जाई आणि प्रवासी उतरताच घंटा वाजवून त्यांना आत नेले जाई. सुमारे अर्ध्या तासाच्या थांब्यात घाई न करता पूर्ण जेवण होई, ते या पूर्वतयारीमुळे.

पेय वाढण्याची रीत विशेष प्रसिद्ध आहे. वाढपी मुलगी ग्राहकाला काय हवे ते विचारून त्याचा कप ठरावीक पद्धतीने ठेवी. कप बशीत सरळ असेल तर कॉफी, बशीत पालथा असेल तर गरम चहा, पालथा ठेवून बशीच्या कडेला कलता असेल तर बर्फाचा चहा आणि बशीपासून दूर पालथा असेल तर दूध. मागून येणारी दुसरी मुलगी एक शब्दही न विचारता योग्य पेय ओतून पुढे जाई. न सांगता आपल्या मनातले ओळखले गेले याचे नवख्या प्रवाशाला नवल वाटे. एखाद्याने गंमत म्हणून कप हलवला तर मात्र ही सारी व्यवस्था कोलमडे.

कॉफीच्या बाबतीत हार्वे यांची शिस्त सर्वांत कडक होती. दर दोन तासांनी नवी कॉफी करावी आणि भांड्यात उरलेली, कितीही असली तरी, ओतून द्यावी असा दंडक होता. तरीही एक अडचण उरत असे. बिया त्याच आणि प्रमाण तेच असले, तरी गावोगावचे पाणी वेगळे होते. माळरानावरील पुष्कळ ठिकाणचे पाणी क्षारयुक्त असल्याने कॉफीची चव बिघडे. म्हणून पाण्याची तपासणी करून, गरज पडेल तेथे रेल्वेच्या टाकीतून दुसरीकडचे पाणी आणले जाई. एकाच चवीसाठी पाणीसुद्धा वाहून नेण्याची ही तयारी पाहता, हार्वे यांच्या यशाचे श्रेय केवळ चांदीच्या चमच्यांना आणि आयर्लंडहून आणलेल्या टेबलक्लॉथना देणारी वर्णने अपुरी वाटतात.

पावाचे काप ३/८ इंच जाडीचेच असावेत, संत्र्याचा रस मागणी आल्यावरच काढावा आणि ॲपल पाय कापताना इतरत्र करतात तसे सहा भाग न करता चारच करावेत, असे बारीकसारीक नियमही होते. याच्या उलट, जेवणाचे पदार्थ मात्र सगळीकडे सारखे नसत. एकाच गाडीने लांबचा प्रवास करणाऱ्याला प्रत्येक थांब्यावर तेच ते खावे लागू नये म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या पदार्थसूची मध्यवर्ती कचेरीतून एकमेकींशी जुळवून घेतल्या जात. डेव्हिड बेंजामिन हे या कचेरीतील त्यांचे प्रमुख सहकारी होते. हार्वे स्वतः आगाऊ सूचना न देता शाखांची पाहणी करीत.

हार्वे गर्ल्स

१८८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॅटोन येथे वाढप्यांत झालेल्या मारामारीनंतर हार्वे यांनी तेथील व्यवस्थापकाला काढले. नवे व्यवस्थापक टॉम गेबल यांनी पुरुषांऐवजी तरुण स्त्रिया नेमण्याची कल्पना मांडली, ती पुढे सर्व शाखांत लागू झाली. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत १८ ते ३० वयाच्या, चारित्र्यवान आणि हुशार मुली हव्यात असे म्हटलेले असे. त्यांना सुरुवातीला महिना १७.५० डॉलर वेतन, शिवाय बक्षिशी, राहणे आणि जेवण मिळे. काळा झगा आणि पांढरा शुभ्र एप्रन हा गणवेश होता. रंगभूषेला मनाई होती, रात्री ठरावीक वेळेत वसतिगृहात परतावे लागे आणि कराराच्या मुदतीत लग्न केल्यास वेतनाचा काही भाग गमवावा लागे.

शेतावर राबण्याला किंवा लवकर लग्न करण्याला फारसा पर्याय नसलेल्या अनेक मुलींना या नोकरीने स्वतःची कमाई आणि घरापासून दूर राहण्याची संधी दिली. दुसरीकडे, प्रत्येक टेबलावरची एकसारखी टापटीप त्यांच्या दीर्घ पाळ्यांवर आणि खाजगी आयुष्यावरील निर्बंधांवर उभी होती, हेही नोंदवणे आवश्यक आहे. शिवाय ही नोकरी आरंभी केवळ गोऱ्या स्त्रियांसाठी होती. या बदलात जे पुरुष वाढपी दूर केले गेले, त्यांत कृष्णवर्णीय होते. हिस्पॅनिक आणि मूळनिवासी स्त्रियांना वाढपाच्या कामावर घेण्यास बऱ्याच नंतर सुरुवात झाली.

आख्यायिका

हार्वे यांच्याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. मांडणीत चूक दिसली की ते टेबलक्लॉथ ओढून सारी भांडी जमिनीवर पाडीत, ही त्यांतील एक. दुसऱ्या कथेनुसार, दरमहा १,००० डॉलर तोटा होणाऱ्या एका शाखेच्या व्यवस्थापकाने पदार्थांचे प्रमाण कमी करून तो निम्म्यावर आणला, तेव्हा हार्वे यांनी त्याला शाबासकी देण्याऐवजी कामावरून काढले. मृत्युशय्येवर त्यांनी मुलांना हॅमचे काप पातळ करू नका असे बजावल्याचेही सांगतात. या कथांना विश्वसनीय आधार नाही. तथापि कर्मचाऱ्यांत त्या पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या आणि मालक समोर नसतानाही त्याचा धाक टिकवण्याचे काम त्यांनी केले.

मृत्यू व वारसा

अखेरच्या वर्षांत हार्वे यांची प्रकृती ढासळत गेली आणि उपचार व विश्रांतीसाठी ते बराच काळ इंग्लंडमध्ये राहिले. प्रत्यक्ष कारभार मुलगा फोर्ड पाहू लागला होता. ९ फेब्रुवारी १९०१ रोजी लेव्हनवर्थ येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या व्यवसायात १५ हॉटेले, ४७ उपाहारगृहे आणि ३० भोजनाचे डबे होते.

फोर्ड हार्वे यांनी व्यवसायाचे नाव बदलले नाही. कंपनीचे नाव नुसतेच फ्रेड हार्वे असे राहिले. त्यामुळे मूळ संस्थापक अजून हयात असून कोणत्याही दिवशी पाहणीला येतील, असा समज पुष्कळ ग्राहकांत वर्षानुवर्षे होता. फोर्ड यांच्या काळात व्यवसाय आणखी वाढला. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी कंपनीसाठी ग्रँड कॅन्यन परिसरात अनेक इमारतींचे काम केले. मोटारगाड्या आणि विमानप्रवास वाढल्यावर रेल्वेमार्गावरील भोजनगृहे एकेक करून बंद पडली आणि १९६८ मध्ये कंपनी अ‍ॅमफॅक या उद्योगसमूहाने विकत घेतली.

१९४६ मध्ये द हार्वे गर्ल्स हा संगीतप्रधान चित्रपट प्रदर्शित झाला, त्यात जूडी गारलंड यांची प्रमुख भूमिका होती. ग्रँड कॅन्यनच्या काठावरील एल टोव्हार (१९०५) आणि ॲरिझोनातील विन्स्लो येथील ला पोसादा (१९३०) ही हार्वे कंपनीची जुनी हॉटेले अद्याप चालू आहेत. ला पोसादा मध्यंतरी अनेक वर्षे बंद होते. रेल्वेने त्याचा काही काळ कचेरीसाठी वापर केला आणि १९९७ मध्ये ते नव्या मालकांनी पुन्हा सुरू केले.