पणजीच्या पुतळ्यातले आबे फारिया

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला पाद्री. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. बघणाऱ्याला वाटतं, जादू त्या हातांतच आहे. फारिया मात्र नेमकं उलटं सांगत होते.

जुझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म १७५६ सालचा, बार्देशातल्या कांदोळीचा. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर पोर्तुगालला निघाले, पुढे रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. मेस्मरचे अनुयायी तेव्हा अदृश्य चुंबकी प्रवाहाच्या गोष्टी करत. असा प्रवाहच नाही, झोपणाऱ्याचं मन एकाग्र होऊन सूचना स्वीकारतं म्हणून झोप लागते, असं फारियांनी ठामपणे मांडलं.

एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्यांची फजिती केली. रंगभूमीवरही टिंगल झाली. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी ते वारले. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. पुढे फ्रान्समधल्याच नान्सीच्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेचा तोच विचार उचलून धरला. कांदोळीच्या पोराचं म्हणणं उशिरा का होईना, खरं ठरलं.