बाबूराव पेंटर : कसब आणि भांडवल

कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जावी आणि तिच्या धन्याने शहरात जाऊन गिरणीकामगार व्हावे, ही कहाणी दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या कापूसपट्ट्यातील गावाला समजावून सांगावी लागत नाही. १९२५ साली ती 'सावकारी पाश' या मूकपटातून पडद्यावर आणली कोल्हापूरच्या एका चित्रकाराने. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे ओसाड झोपडी आणि भुंकणारे कुत्रे ठेवण्याचे धाडस बाबूराव पेंटर यांचे होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कारागिराच्या घरात झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. हत्यार आणि कुंचला ही दोन्ही त्यांना घरातच मिळाली. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसमवेत त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले.

विलायती कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा स्वतःच तयार केला. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय आणि तानीबाई कागलकरांचे अर्थसाह्य यांवर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' झळकला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

रंगविलेल्या पडद्यांवर ज्याची कीर्ती उभी होती, त्यानेच चित्रपटातून ते पडदे हद्दपार करून लांबी-रुंदी-खोली असलेली दृश्ये बांधली, ही गोष्ट विशेष होय. 'सिंहगड'मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला. वेशभूषा व पात्रे आधी कागदावर रेखाटण्याची शिस्त घातली. भित्तिपत्रकेही स्वतः रंगविली.

तथापि कसबाने भांडवलाची उणीव एकदा भरून निघते, दरवेळी नाही. यंत्र घरी घडविता येते. कच्ची फिल्म, वेतने आणि वितरण यांसाठी मात्र रोकड लागते. कोल्हापुरात कॅमेरा जन्मला. कॅमेऱ्यांचा कारखाना जन्मला नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर या शिष्यांनी बाहेर पडून, सीताराम कुलकर्णी यांच्या भागीदारीत 'प्रभात' स्थापन केली. गुरूपाशी कसब शिकलेल्यांनी भागीदारीची संस्था उभारली, आणि ती गुरूच्या संस्थेपेक्षा मोठी झाली.

बोलपटाच्या युगात महाराष्ट्र फिल्म कंपनी टिकली नाही. बाबूरावांनी १९३६ साली 'सावकारी पाश' बोलता केला, चित्रे व शिल्पे घडविली, आणि १६ जानेवारी १९५४ रोजी जगाचा निरोप घेतला.

गावोगावच्या सुतार-लोहारांच्या हातांत असे कॅमेरे अजूनही दडलेले असतील. ते बाहेर काढावयाचे तर कौतुकाच्या पदव्यांबरोबर वाजवी व्याजाचे कर्ज आणि कारागिराला भागीदारीचा हक्क द्यावा लागेल. ज्या कलावंताने सावकारीचा पाश पडद्यावर दाखविला, त्याच्या चरित्राचा हिशेब याहून निराळा मांडता येत नाही.