सिंहलद्वीपीचा अनवाणी यात्रिक : संत जोसेफ वाझ

वास्कोच्या वाटेवर सांकवाळ नावाचे गाव लागते. तेथे आता कारखान्यांची वर्दळ आहे; परंतु त्या वर्दळीच्या शेजारीच एका प्राचीन चर्चचा नुसता दर्शनी भाग आकाशाकडे पाहत उभा आहे. मागची इमारत १८३४ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. याच सांकवाळचे श्रीलक्ष्मीनृसिंहाचे देवस्थान १५६७ साली भक्तजनांनी फोंडा महालातील वेलिंग येथे नेले, कारण पोर्तुगीज अमलात त्याला येथे थारा उरला नव्हता. आपला देव उराशी धरून परमुलखात निघालेल्या माणसांची आठवण ज्या भूमीला आहे, त्याच भूमीतील एक पुत्र पुढे सव्वाशे वर्षांनी समुद्रापलीकडील एका बेटावर गेला आणि तेथे आपला देव लपवून ठेवण्याची पाळी आलेल्या लोकांमध्ये जाऊन राहिला. ते लोक ख्रिस्ती होते आणि त्यांना छळणारे राज्यकर्तेही ख्रिस्तीच होते. इतिहास कधी कधी असा उलटा फिरतो. त्या पुत्राचे नाव जोसेफ वाझ.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांदा ही बाणावलीची. घराणे कोंकणी बोलणारे, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. संतांच्या चरित्रांत बालपणीच्या ज्या गोड गोष्टी असतात त्या याही चरित्रात आहेत. परंतु त्या थोड्याफार सर्वच संतांविषयी सांगितल्या जात असल्यामुळे आम्ही त्या येथे देत नाही. त्यांनी पोर्तुगीज भाषा सांकवाळात आणि लॅटिन बाणावलीत शिकून घेतली, आणि पुढील अध्ययन जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात व दोमिनिकन संघाच्या संत थॉमस अकादमीत केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

१६७६ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यात देशी पाद्र्याला दीक्षा मिळत असली, तरी मानाची जागा क्वचितच मिळे. युरोपीय संघांची दारे त्याला बहुधा बंद असत. फादर वाझ यांनी त्याबद्दल कोठे तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांनी पायांतील जोडे काढून ठेवले आणि गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. सांकवाळात त्यांनी एक लॅटिन शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक दस्तऐवज स्वहस्ते लिहून सही केला. तो जमिनीचा किंवा कर्जाचा नव्हता. आपण येशूच्या मातेचे कायमचे दास झालो आहोत, असे त्यात त्यांनी लिहून दिले होते. ज्या काळात गोव्याच्या बाजारात माणसे विकली जात, त्या काळात दास हा शब्द केवळ अलंकार म्हणून कोणी वापरीत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कागदाचे वजन कळते.

१६८१ मध्ये त्यांना कानडी मुलखात पाठविण्यात आले. तेथे केळदीच्या राणी चेन्नम्मेचे राज्य होते. छत्रपती राजाराम महाराजांना जिंजीच्या वाटेवर पुढे आश्रय देणारी हीच ती राणी, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. मंगळूर, बसरूर, बारकूर, कुंदापूर, गंगोळी या भागांत गोव्यातून गेलेली शेकडो ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती. त्यांच्यावर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या आर्चबिशपचा की रोमने नेमलेल्या बिशपचा, हा तंटा तेथे पेटला होता आणि त्या तंट्यात सामान्य भाविकाला आपला संस्कार खरा की खोटा हेही कळेनासे झाले होते. फादर वाझ यांनी वाद शक्य तितका मिटविला, शाळा उघडल्या, प्रार्थनामंदिरे बांधली आणि १६८४ मध्ये ते गोव्यास परतले.

त्याच वर्षी गोव्याच्या व्हाइसरॉयने एक फर्मान काढले. देशी लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषेत व्यवहार करावा, असा त्याचा आशय होता. कोंकणी मातृभाषा असलेल्या आम्हांला हे फर्मान वाचताना आजही क्षणभर थांबावे लागते. फादर वाझ यांनी त्याविषयी काही लिहिले असल्यास ते आमच्या वाचनात नाही. परंतु पुढे त्यांनी जे केले ते या फर्मानाच्या अगदी उलट होते. ते आम्ही यथाक्रम सांगूच.

जुन्या गोव्यातील चमत्काराच्या क्रुसाच्या चर्चमध्ये काही देशी धर्मगुरू एकत्र राहून साधना करीत असत. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमांप्रमाणे त्यांनी त्या मंडळींना शिस्त घालून दिली. देशी धर्मगुरूंनी स्वतः चालविलेला गोव्यातील हा पहिला संघ होय. त्याचा अभिमान वाटतो. परंतु या संघात केवळ ब्राह्मण कुळातील पाद्र्यांनाच प्रवेश मिळे, हेही लपविण्याचे कारण नाही. युरोपीयांनी लावलेले दार ज्यांना खुपत होते, त्यांनी आपल्या घराला तसेच एक दार लावून घेतले होते.

आता सिलोनकडे वळू. तेथे दीडशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि किनाऱ्यावरील हजारो लोक कॅथलिक झाले होते. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना डचांच्या हाती पडले. डच हे प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक पाद्री म्हणजे त्यांच्या दृष्टीने पोर्तुगीजांचा हेर. त्यांनी पाद्र्यांना हाकलून लावले आणि पाद्र्याला आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविली. मुलाचा बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद डचांच्या चर्चमध्येच झाली पाहिजे. ती नसेल तर वारसाहक्कालाही बाध येई. म्हणून लोक दिवसा डच चर्चमध्ये नाव नोंदवीत आणि रात्री दारे लावून जपमाळ ओढीत. तीस वर्षांत त्यांनी धर्मगुरू पाहिला नव्हता. आजीने नातवाला शिकविलेल्या चार प्रार्थना, मडक्यात किंवा छपरात दडवलेली एखादी मूर्ती, एवढाच धर्म उरला होता.

ही वार्ता गोव्यास पोहोचली तेव्हा फादर वाझ यांनी संघाचे प्रमुखपद खाली ठेवले आणि १६८६ मध्ये ते निघाले. बरोबर जुवांव नावाचा एक सेवक होता. दोघांनी हमालांसारखी वस्त्रे घातली. तुतिकोरीनहून होडीत बसून, वादळात सापडून, मन्नारमार्गे १६८७ मध्ये ते जाफन्यास पोहोचले. पोहोचताच दोघांनाही अतिसाराने गाठले. चरित्रकार सांगतात की, रोग पसरेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर काढले आणि एका दयाळू बाईने रोज पेज आणून दिली म्हणून दोघे वाचले. त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

बरे झाल्यावर खरी अडचण पुढे आली. कॅथलिक कोण हे विचारायचे कसे? विचारणाऱ्यालाही भय आणि उत्तर देणाऱ्यालाही. फादर वाझ यांनी एक युक्ती योजिली. त्यांनी जपमाळ गळ्यात घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. बहुतेकांनी त्या माळेकडे पाहिलेही नाही. कोणी हटकले. परंतु एखाद्या घरी भिक्षा घालणारा हात क्षणभर थबके आणि डोळे माळेवर खिळत. अशा घराचे दार ते पुन्हा ठोठावीत. अखेर एका कुटुंबाने धीर करून विचारले आणि हा भिकारी म्हणजे पाद्री आहे हे कळल्यावर त्या रात्री त्या घरात काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे जाफन्याजवळील सिल्लालै या गावी त्यांनी मुक्काम केला. दिवसा झोप आणि रात्री प्रवास, असा क्रम. मध्यरात्री एखाद्या घरात मिस्सा होई. पहाटेपूर्वी पापनिवेदने, बाप्तिस्मे, लग्ने आटोपत आणि उजाडण्याच्या आत मंडळी आपापल्या कामाला लागत. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी अशाच एका घराला वेढा घातला. सुमारे तीनशे माणसे पकडली गेली. फादर वाझ मात्र त्यांच्यामधून निसटले. पकडलेल्यांपैकी काहींना फटके मारण्यात आले, काहींना किल्ल्यात सक्तमजुरीवर धाडण्यात आले. भक्तमंडळी या निसटण्याला चमत्कार म्हणतात. आम्हांला मात्र वाटते की, ती रात्र फादर वाझ जन्मभर विसरले नसतील. कारण आपण सुटलो आणि आपल्याला आसरा देणारे फटके खात आहेत, हे ओझे अंगावर पडणाऱ्या फटक्यांहून हलके नसते.

डचांचा अंमल किनाऱ्यावर होता. मध्यभागी डोंगरात कँडीचे स्वतंत्र राज्य होते. पुत्तलमहून १६९२ मध्ये फादर वाझ तिकडे गेले. तेथे दरबारातील एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने हा पोर्तुगीज हेर आहे अशी चुगली केली आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना व जुवांवला कैदेत टाकले. पुढे पहारा थोडा सैल झाला. फादरांनी कैदेच्या आवारातच एक साधी झोपडी उभारली, तीत वेदी मांडली आणि सिंहली भाषा शिकावयास आरंभ केला. हा हेर काय करतो याची राजाने बारकाईने चौकशी ठेवली होती. तो प्रार्थना करतो, आजाऱ्याची सेवा करतो आणि भाषा शिकतो, एवढेच दिसून आले. राजा स्वतः निष्ठावंत बौद्ध होता. सिंहलद्वीपात भिक्षूंची परंपरा क्षीण झाली म्हणून त्यानेच आराकानहून भिक्षू आणविले. स्वतःच्या धर्माविषयी ज्याला खरी आस्था असते तो दुसऱ्याची आस्था ओळखतो, असे या राजाकडे पाहून वाटते. १६९६ मध्ये अवर्षण पडले असता फादर वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस आला आणि राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी फिरण्याची मुभा दिली, अशी परंपरा आहे.

परंतु आमच्या मते त्या पावसापेक्षा पुढच्या वर्षीची घटना मोठी आहे. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा व श्रीमंत मंडळी नगर सोडून गेली; घरच्यांनी आजाऱ्यांना रानात नेऊन टाकले. फादर वाझ तेथेच राहिले. एवढ्यात गोव्याहून आलेले त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हालो त्यांच्या मदतीला होते. दोघांनी ओस पडलेल्या घरांत रोगी आणून ठेवले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना हाताने भरविले, मेलेल्यांना स्वतः खड्डे खणून पुरले. रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे त्यांनी पाहिले नाही. तोवर जवळजवळ नऊ वर्षे या साऱ्या बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते.

एकट्या माणसाने हे चालविले कसे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, त्यांनी धर्म पाद्र्यावर अवलंबून ठेवलाच नाही. प्रत्येक वस्तीत त्यांनी एक जाणता गृहस्थ नेमला. रविवारी त्याने सर्वांना जमवून प्रार्थना म्हणावी, मुलांना धर्मतत्त्वे शिकवावी, नवजात बालकाला पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, मरणोन्मुखाजवळ बसावे. पाद्री वर्षातून एकदा येईल, कदाचित येणारही नाही. परंतु सकाळची व रात्रीची प्रार्थना चुलीशेजारी व्हावी. त्या प्रार्थनाही पोर्तुगीज भाषेत नव्हेत. जाफन्यात तमिळ आणि कँडीत सिंहली. गोव्यात आपल्या लोकांची भाषा बंद करण्याचे फर्मान सुटले असता, हा कोंकणी माणूस परक्यांच्या दोन भाषा शिकून त्यांत त्यांना देवाशी बोलावयास लावीत होता. १७०५ मध्ये दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस येऊन मिळाले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके ग्रंथ लिहिले की, सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचा आजही गौरव होतो.

पोपच्या प्रतिनिधीने फादर वाझ यांना बिशप करण्याचे मनात आणले, तेव्हा त्यांनी नकार दिला.  जुवांवच्या वाट्याला मात्र तसा नकार देण्याची वेळही आली नाही. वादळात, अतिसारात, कैदेत तो धन्याच्या बरोबरीने होता. तरी ज्या संघाचे काम तो करीत होता त्याच्या नियमांत त्याला धर्मगुरू होता आले नसते. 

पायी भटकंतीने आणि उपासमारीने फादर वाझ यांचे शरीर झिजत गेले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. वय साठही झाले नव्हते. चोवीस वर्षांपूर्वी गोव्याचा निरोप घेतल्यापासून त्यांनी पुन्हा सांकवाळ पाहिले नाही. गोव्याचेच फादर सेबास्तियांव द रेगो यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १७४५ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. कोलंबो येथे १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्या दिवशी सांकवाळातील त्यांच्या मंदिरात मोठी गर्दी लोटली होती.

कँडीत ज्या चर्चमध्ये त्यांना पुरले, ते पुढच्या राजांच्या काळात नष्ट झाले. त्यांची समाधी नेमकी कोठे होती, हे आता कोणालाही सांगता येत नाही.