वर येताना थांबायला शिकवणारे हॉल्डेन

वरणगावहून तारकर्लीला स्कूबा शिकायला निघालात? मग जॉन स्कॉट हॉल्डेन माहीत हवेतच. १८६० मध्ये एडिनबर्गला जन्मलेले हे शास्त्रज्ञ विषारी वायूंचे प्रयोग स्वतःवरच करायचे. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. झटकन वर आलं, की सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे! सांधे दुखतात, लकवा मारतो, जीवही जातो. ब्रिटिश नौदलासाठी हॉल्डेननी बकऱ्यांवर प्रयोग केले. दुखलं की बकरी पुढचा पाय उचलून धरायची. त्यातून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं छापली गेली. १९३६ मध्ये ते गेले. आज हिशेब मनगटावरचा कॉम्प्युटर करतो. पण सरांनी थांबायची खूण केली, की थांबायचंच.