वसईचे संत गोन्सालो गार्सिया व त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक

ज्या नदीवरून आपल्या भातसानगरास हे नाव मिळाले, तिचे पाणी धरणाने अडवून मुंबई शहराची तहान भागविली जाते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. परंतु जे पाणी धरणाखाली वाहत राहते, ते काळू व उल्हास या नद्यांच्या संगतीने पुढे जाऊन वसईच्या खाडीने समुद्रास मिळते, हे आपल्यांतील थोड्यांच्याच ध्यानी असेल. त्या खाडीच्या मुखाशी वसईचा जुना किल्ला उभा आहे. त्या वसईत सुमारे १५५७ साली जन्मास आलेल्या एका पुरुषाचे चरित्र या ज्युबिलीच्या प्रसंगी आम्ही आपल्या धर्मग्रामातील वाचकांपुढे ठेवीत आहो. संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव होय. भारतभूमीत जन्मलेल्यांपैकी संतपदास पोहोचलेले ते पहिले.

त्यांच्या क्रूसमरणाची हकीकत आपण दरवर्षी ५ फेब्रुवारीच्या सुमारास ऐकत असतो. पण त्या मरणापर्यंत त्यांस कोणी पोहोचविले, वाटेत कोणी त्यांचा हात धरला व कोठे तो हात सुटला, याचा विचार क्वचितच केला जातो. आम्हांस तोच भाग अधिक बोधप्रद वाटतो, यास्तव त्यावरच आम्ही अधिक शब्द खर्च करणार आहो.

गोन्सालोचे वडील पोर्तुगीज शिपाई होते व माता याच कोकणच्या मातीतील होती. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती आली होती आणि किल्ल्यात येशूसंघाच्या धर्मगुरूंनी मंदिर व शाळा चालविली होती. त्या शाळेत हा मुलगा दाखल झाला. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांची नजर त्याच्यावर गेली. शाळेत मुले पुष्कळ असतात. त्यांतील एखाद्याच्या ठायी देवाचे काय कार्य चालू आहे हे ओळखणे ही निराळीच देणगी आहे. फादर सेबास्तियन यांनी त्यास अक्षरज्ञान दिलेच, परंतु प्रार्थनेची गोडीही लाविली. आणि १५७२ च्या सुमारास, गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असता, त्यास आपल्यासंगे जपान देशी नेले. संत फ्रान्सिस झेविअर यांनी १५४९ साली ज्या देशात प्रथम सुवार्ता नेली होती, तोच हा देश. त्या काळी तो प्रवास महिनोगणती चाले आणि निघालेल्यांतील कित्येक परत येत नसत. पंधरा वर्षांच्या पोरास आईबापांनी गुरूच्या हाती सोपवून एवढ्या दूर जाऊ दिले, यावरून त्या गुरूवर त्यांचा केवढा विश्वास असेल हे दिसून येते.

जपानात गोन्सालो अल्पावधीत तेथील भाषा शिकले. ते धर्मशिक्षक झाले. मुलांस व नवख्रिस्ती लोकांस ते शिकवीत, आणि त्यांच्या गोड स्वभावामुळे लोक त्यांच्याभोवती जमत. सुमारे आठ वर्षे त्यांनी ही सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनोमन इच्छा होती.

तो प्रवेश त्यांस मिळाला नाही.

या ठिकाणी आमचे वाचक क्षणभर थांबोत. त्या काळी येथल्या मातीतील मनुष्यास धर्मसंघात घेणे हे अपवादाचेच काम होते. केरळातील पेद्रो लुईस यांस १५७५ साली येशूसंघात घेतले गेले, परंतु त्यांच्यामागे दीर्घकाळपर्यंत दुसरा एकही भारतीय त्या संघात घेतला गेला नाही. तात्पर्य, आठ वर्षे इमानाने सेवा केलेल्या या तरुणास दारातून माघारी फिरावे लागले. परदेशात, स्वजनांपासून दूर, आणि ज्या घरास आपले मानले त्या घराबाहेर! शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांतूनही सेमिनरीस गेलेला एखादा मुलगा परत येतो. मग घरची माणसे खाली मान घालतात, शेजारी कुजबुजतात, आणि तो मुलगा हळूहळू मंदिरात येणेही सोडतो. त्याच्याशी बोलावयास कोणी जात नाही. आम्हांस ही गोष्ट फार लागते.

गोन्सालो यांनी व्यापार आरंभिला. जपानी भाषा व तेथील रीतिरिवाज त्यांस अवगत होतेच. त्यांचा जम बसला, पूर्वेकडील बंदरांतून त्यांचे दळणवळण वाढले व पैसाही पुष्कळ मिळाला. कोणी म्हणेल की फादर सेबास्तियन यांची मेहनत वाया गेली. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याला लहानपणी प्रार्थना करावयास शिकविलेले असते, त्याच्या दुकानातही ती प्रार्थना त्याच्यासंगे बसलेली असते. व्यापारानिमित्त फिलिपाइन्स बेटांतील मनिला नगरात जाणेयेणे सुरू झाले तेव्हा तेथील फ्रान्सिस्कन संन्याशांशी त्यांचा परिचय झाला. अंगावर जाडेभरडे वस्त्र, पायांत फार तर वहाणा, आणि रोग्यांची शुश्रूषा हे त्या संन्याशांचे जीवन पाहून या सधन व्यापाऱ्याचे मन पुन्हा जागे झाले. सर्व व्यापार सोडून ते त्यांच्या संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपद त्यांनी कधी घेतले नाही.

येथे त्यांस दुसरे मार्गदर्शक लाभले. स्पेन देशातील फादर पेद्रो बाप्तिस्ता हे तेथील फ्रान्सिस्कनांत मोठ्या योग्यतेचे होते. फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ साली त्यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठविले, तेव्हा भाषा जाणणारा मनुष्य हवा होता. बंधू गोन्सालो त्यांच्यासंगे निघाले. ज्या देशातून ते निराश होऊन बाहेर पडले होते, तेथेच ते आता गुरूची जिव्हा बनून परतले. हिदेयोशीसमोर फादर पेद्रो यांचे म्हणणे त्यांच्याच मुखाने मांडले गेले. पहिल्या गुरूने दिलेली जपानी भाषा दुसऱ्या गुरूच्या कामी आली. आध्यात्मिक मार्गदर्शन करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. आपण ज्यास वाढवितो तो आपल्याच अंगणात फुलेल असा नेम नाही, आणि परक्या अंगणात फुलला म्हणून आपल्या वाट्यास काही कमी येत नाही.

त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो नगरात मठ व मंदिर उभे राहिले, आणि महारोग्यांसाठी इस्पितळही निघाले. जपानी ख्रिस्ती गृहस्थ त्या कामी हात लावीत. काहींची मुले मठात राहून मिस्सेच्या वेळी सेवा करीत.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील मालावरून तंटा माजला, हिदेयोशीच्या मनात संशय भरला, आणि त्याचा राग या निःशस्त्र संन्याशांवर निघाला. डिसेंबरात मठास पहारा बसला. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी २४ बंदिवानांचे डाव्या कानाचे टोक कापण्यात आले, गाड्यांत घालून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांस नागासाकीकडे चालविण्यात आले. ती वाट सुमारे ८०० किलोमीटरांची. बंदिवानांची सेवा करीत मागोमाग चालणारे दोघे जपानी ख्रिस्ती वाटेत त्यांच्यातच धरले गेले, तेव्हा संख्या २६ झाली: ६ फ्रान्सिस्कन, पौल मिकी यांच्यासह ३ येशूसंघीय, आणि १७ जपानी गृहस्थ व मुले. ज्या संघाने गोन्सालो यांस घेतले नव्हते, त्याच संघाचे तिघे आता त्यांच्यासंगे एकाच वाटेने चालत होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. गोन्सालो यांस सर्वांत आधी क्रूसावर चढविण्यात आले असे जुने चरित्रकार लिहितात. नंतर भाल्यांनी सर्वांचे देह भेदण्यात आले. गुरू पेद्रो व शिष्य गोन्सालो यांचा मृत्युदिन एकच.

१६२७ साली पोप ८ वे अर्बन यांनी त्यांस धन्य म्हणून, आणि ८ जून १८६२ रोजी पोप ९ वे पायस यांनी संत म्हणून जाहीर केले. मधल्या काळात, १७३९ साली, वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला व तेथील मंदिरे ओस पडली. येशूसंघाच्या मंदिराची दर्शनी भिंत मात्र टिकून आहे, आणि लोक आता त्या मंदिरास गोन्सालो गार्सियांच्याच नावाने ओळखतात. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे आश्रयदाते संत तेच होत.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या २६ जणांत थॉमस कोझाकी नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता. तो मठात संन्याशांच्या सहवासात वाढला होता, आणि त्याचा बाप मिगेल हाही त्याच्यासंगे बंदिवान होता. नागासाकीच्या वाटेवर या मुलाने आपल्या मातेस पत्र लिहिले. त्यात त्याने आपल्या व बापाच्या मरणाविषयी तिचे सांत्वन केले, आणि धाकट्या दोघा भावांचा श्रद्धेत सांभाळ करण्याची विनंती तिला केली. ते पत्र तेव्हा तिच्या हाती पडू शकले नाही. बापाच्या मृत्यूनंतर ते त्याच्या वस्त्रांत, रक्ताने डागळलेले, सापडले.