जमैकाचा लोकगायक

कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचे एक बेट आहे. तीनशे वर्षांहून अधिक काळ ते इंग्रजांच्या अमलाखाली होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांच्या घामावर तेथील उसाचे मळे पोसले गेले. पुढे गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु त्या लोकांच्या वंशजांचे दारिद्र्य काही सरले नाही. या बेटावरील नाइन माइल नावाच्या डोंगराळ खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी रॉबर्ट नेस्टा मार्ली याचा जन्म झाला. पुढे सारे जग त्याला बॉब मार्ली या नावाने ओळखू लागले.

रॉबर्टचे वडील गोरे, तर आई सेडेला ही कृष्णवर्णीय शेतकरी घराण्यातील होती. वडिलांचा सहवास त्याला जवळजवळ लाभलाच नाही. त्यांचे निधन झाले तेव्हा तो अवघ्या दहा वर्षांचा होता. आईचा आवाज गोड होता. ती चर्चमध्ये स्तोत्रे गात असे. गाण्याचा पहिला संस्कार रॉबर्टवर झाला तो आईच्या या गाण्याचाच होय.

पुढे पोटासाठी मायलेकरे राजधानी किंग्स्टन येथे आली आणि ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत राहू लागली. पत्र्याची घरे, दाटीवाटीचे अंगण आणि नित्याचे भांडणतंटे अशा त्या वस्तीत गाण्याला मात्र तोटा नव्हता. नेव्हिल लिव्हिंग्स्टन, म्हणजेच बनी, आणि पीटर टॉश या मित्रांबरोबर रॉबर्ट गाऊ लागला. शेजारी राहणारे गायक जो हिग्ज या मुलांना मोबदला न घेता स्वर जुळवण्याची कला शिकवीत. मुलाच्या हाती काही धंदा असावा म्हणून आईने त्याला वेल्डिंगच्या कामाला लावले. एके दिवशी धातूची बारीक कपची त्याच्या डोळ्यात शिरली. त्या वेदनेने जणू त्याचा निश्चय पक्का केला. त्याने ते काम सोडले आणि संगीतालाच वाहून घेतले.

१९६२ साली जमैका स्वतंत्र झाला. त्याच वर्षी सतरा वर्षांच्या बॉबचे पहिले गीत ध्वनिमुद्रित झाले. पुढील वर्षी मित्रांनी ‘वेलर्स’ या नावाने संच उभा केला. क्लेमंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’ या संस्थेत मुद्रित झालेले त्यांचे ‘सिमर डाउन’ हे गीत १९६४ साली जमैकात घरोघरी पोहोचले. वस्तीतील दांडगट तरुणांनी डोके शांत ठेवावे, असा त्या गीताचा आशय होता. कीर्ती मिळाली खरी, परंतु गायकांच्या पदरी पडणारे वेतन अत्यल्प होते.

१९६६ साली मार्ली यांचा रीटा या गायिकेशी विवाह झाला. लगेच ते अमेरिकेत आईकडे गेले आणि काही महिने कारखान्यात मजुरी करून त्यांनी पैसा साठवला. आपली गाणी आपणच मुद्रित करून विकावी, या हेतूने परत येऊन त्यांनी सोबत्यांसह स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. भांडवल तुटपुंजे असल्याने ती फार काळ टिकली नाही. तथापि त्यांनी धीर सोडला नाही आणि पुढे ‘टफ गाँग’ ही दुसरी संस्था स्थापन केली.

याच सुमारास जमैकाच्या संगीताला नवे वळण लागत होते. चार मात्रांच्या ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर ढोलाचा भार द्यावयाचा आणि दुसरी व चौथी गिटारच्या आघाताने उचलून धरावयाची, ही या नव्या शैलीची खूण होती. तिचे नाव रेगे. ॲस्टन आणि कार्लटन या बॅरेट बंधूंनी वेलर्सला ही लय दिली आणि मार्ली यांनी तिला गरिबांच्या सुखदुःखाचे शब्द दिले. १९७३ साली लंडनच्या आयलंड कंपनीने ‘कॅच अ फायर’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि रेगेचे सूर सातासमुद्रापार गेले. १९७४ साली पीटर आणि बनी वेगळे झाले, तेव्हा रीटा व आणखी दोन गायिका साथीला उभ्या राहिल्या.

त्या काळी जमैकातील दोन राजकीय पक्षांच्या वैराने किंग्स्टनच्या रस्त्यांवर रक्त सांडत होते. लोकांची मने शांत व्हावीत म्हणून मार्ली यांनी डिसेंबर १९७६ मध्ये विनामूल्य गायनाचा कार्यक्रम योजला. त्याआधी दोन दिवस बंदूकधारी त्यांच्या घरात शिरले. मार्ली यांच्या छातीला व दंडाला जखम झाली; रीटा यांच्या डोक्याला गोळी लागली. आता कार्यक्रम होणार नाही असेच सर्वांना वाटले. परंतु ५ डिसेंबरच्या रात्री पती-पत्नी दोघेही व्यासपीठावर आली आणि हजारो श्रोत्यांपुढे गायली. २२ एप्रिल १९७८ रोजी दुसऱ्या एका कार्यक्रमात त्यांनी पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सीगा यांना व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हाती दिले. तेवढ्याने हिंसा थांबली नाही, हेही खरे. तथापि तो क्षण जमैका विसरला नाही.

एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्याचे त्यांना निमंत्रण आले. वाद्ये व साहित्य नेण्याचा भार त्यांनी स्वतःच सोसला. प्रवेश न मिळालेल्या जनसमुदायावर पोलिसांनी अश्रुधूर सोडल्याने कार्यक्रमात व्यत्यय आला, म्हणून दुसऱ्या दिवशी सामान्य लोकांसाठी ते पुन्हा गायले.

त्यापूर्वीच, १९७७ साली, त्यांच्या पायाच्या बोटाला कर्करोग झाल्याचे आढळले होते. बोट काढून टाकण्याचा सल्ला त्यांच्या रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेत बसला नाही. रोग बळावत गेला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अमेरिकेतील मायामी येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह नाइन माइल येथेच विसावला.

घरातील गाणे मात्र थांबले नाही. झिगी, स्टीफन, डेमियन या पुत्रांनी ते पुढे चालवले, तर वृद्ध सेडेलांनीही आपली भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. ज्या वस्तीकडे प्रतिष्ठितांनी पाठ फिरवली होती, त्याच वस्तीच्या अंगणातील सूर अशा रीतीने साऱ्या जगाचे धन झाले.